सुईतला खुराक आणि आपली पोरं

पहाटे पाचच्या सुमारास शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्याने कोणी निघाला, तर त्याला हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे पळणारी पोरे. कोणाच्या पायात चांगले बूट, कोणाच्या पायात थोरल्या भावाचे जुने, तर कोणी अनवाणीच. दौंडच्या बाजूला हे दृश्य आणखी दाट होते, आणि त्याला कारण आहे. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ दौंडलाच आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. खाकी वर्दी डोळ्यांसमोर रोज दिसते. बाप कुरकुंभच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, आई शेतात नाही तर कँटीनमध्ये; अशा घरातल्या मुलाला कायमची नोकरी, दर महिन्याचा पगार आणि गावात मान एकदम मिळवून देणारे दार म्हणजे भरती. म्हणून आमच्या वस्तीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलालासुद्धा आकडे तोंडपाठ असतात. शिपायाला उंची १६५ सेंटिमीटर, राखीव दलाला १६८, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाच जास्त. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. राखीव दलाला पाच किलोमीटर.

ही मेहनत पाहून आमचा ऊर भरून येतो. पण गेली काही वर्षे याच मैदानांच्या आणि जिमच्या कडेला एक दुसरा धंदा उभा राहिला आहे आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. मुलगा म्हणतो, "ताकदीचं इंजेक्शन आहे." आई समजते, जीवनसत्त्वाचे असेल. बाप समजतो, पोरगा व्यायाम करतो, दारूला तर शिवत नाही ना, मग ठीक आहे. या इंजेक्शनांना आणि गोळ्यांना अॅनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात, आणि आजचा आमचा लेख त्याबद्दल आहे.

आधी नाव समजून घेऊ, कारण नावातच घोटाळा होतो. दमा लागला, अंगावर पित्त उठले की डॉक्टर जे स्टेरॉइड देतात ते वेगळे. त्या औषधाने कित्येकांचे प्राण वाचतात. ते डॉक्टरच्या सल्ल्याने घेणाऱ्यांनी हा लेख वाचून बंद करू नये. आपण बोलतो आहोत ते पुरुषाच्या शरीरात वयात येताना जो टेस्टोस्टेरॉन नावाचा रस तयार होतो त्याच्या, किंवा त्याच्यासारख्या कृत्रिम रसायनांबद्दल. मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते, खांदे रुंदावतात, ते याच रसामुळे. १९३५ साली शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला आणि त्यासाठी १९३९ चे नोबेल पारितोषिकही जाहीर झाले. हेतू चांगला होता. ज्यांच्या शरीरात हा रस मुळात बनतच नाही, दीर्घ आजाराने जे झिजून गेले आहेत, अशांसाठी ते औषध आजही आहे. १९५८ साली अमेरिकेत डायनाबॉल नावाची गोळी बाजारात आली आणि वजन उचलणाऱ्यांनी ती उचलली. पुढे तालमीतून तालमीत, देशातून देशात ही विद्या पसरली. ऑलिंपिकवाल्यांनी १९७५ मध्ये बंदी घातली, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून तपासणी सुरू केली. १९८८ मध्ये सेऊलला बेन जॉन्सन ९.७९ सेकंदात शंभर मीटर पळाला, साऱ्या जगाने तोंडात बोट घातले आणि तीन दिवसांत त्याचे पदक काढून घेतले गेले. त्याच्या लघवीत स्टॅनोझोलॉल सापडले होते. हेच नाव आज आपल्या तालुक्यातल्या जिममधल्या पोरांना ठाऊक आहे. बेन जॉन्सन कोण हे मात्र ठाऊक नाही.

महाराष्ट्राला या प्रकरणाचा चटका बसला तो २०१६ मध्ये. नरसिंग यादव हे नाव कुस्तीचा शौक असणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. मुंबईत दूध घालणाऱ्याचा मुलगा, २०११ पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, राज्य पोलीस दलात उपअधीक्षक. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला त्याची तपासणी झाली आणि मेथॅन्डिएनोन सापडले. डायनाबॉलचेच हे शास्त्रीय नाव. आपल्या खाण्यात कोणीतरी कालवले असे त्याचे म्हणणे होते, आजही आहे. आपल्या देशातल्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. पण जागतिक संस्थेने अपील केले आणि १८ ऑगस्टला, म्हणजे आखाड्यात उतरायच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्याला चार वर्षांची बंदी सुनावली. कोणी कालवले की कोणी खाल्ले हा वाद आम्ही इथे घालत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच की त्या लवादासमोर तज्ज्ञाने जे सांगितले ते एक-दोन गोळ्यांबद्दल होते. एक-दोन गोळ्या! एवढ्यावर सत्तावीस वर्षांच्या पैलवानाची उमेदीची चार वर्षे गेली. खेळाचा कायदा असा आहे की अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "मला माहीत नव्हतं" याने शिक्षा कमी होऊ शकते, डाग पुसला जात नाही.

याआधी २०११ मध्ये आपल्या रिले संघातल्या मुलींचे असेच झाले होते. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या चौघींपैकी अश्विनी अक्कुंजी, सिनी जोस आणि मनदीप कौर या तिघी पुढच्याच वर्षी तपासणीत सापडल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या शक्तिवर्धक डब्यातून ते अंगात गेले असे त्यांनी सांगितले. तरीही बंदी टळली नाही. आधी एक वर्षाची झाली, मग लवादाने दोन वर्षांची केली. शेतकऱ्यांच्या, साध्या घरांतल्या या मुली. डबा कोणी दिला, कशाचा दिला, हे विचारायची त्यांची हिंमत तरी कशी व्हावी? सरांनी दिले म्हणजे चांगलेच असणार, अशीच आपल्या घरांतून शिकवण असते.

आता कोणी म्हणेल, आपली पोरे कुठे ऑलिंपिकला निघाली आहेत? त्यांची कोण तपासणी करतो? प्रश्न बरोबर आहे. देशातली उत्तेजकविरोधी संस्था २०२३ मध्ये साऱ्या भारतात मिळून ५,६०६ नमुने तपासू शकली आणि त्यात दोनशेहून अधिक दोषी निघाले. शेकडा ३.८. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पण यात्रेतल्या फडावरचा पैलवान, तालुका पातळीवरचा "श्री" स्पर्धेतला मुलगा किंवा पहाटे रस्त्यावर पळणारा भरतीचा उमेदवार यांच्यापर्यंत ही तपासणी सहसा पोचतच नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की त्यांना पकडले जाण्याचे भय दाखवण्यात अर्थ नाही. त्यांची तपासणी त्यांचे शरीरच करते, आणि ती निकाल पाच-दहा वर्षांनी लावते.

उंचीपासून सुरुवात करू. वाढत्या वयातल्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचे पट्टे असतात. मुलगा उंच होतो तो या पट्ट्यांमुळे. वयात येण्याचे काम पुरे होत आले की शरीरातले रसच या पट्ट्यांना निरोप देतात, "आता मिटा." पट्टा मिटला, हाड पक्के झाले, उंची थांबली. हे साधारण सतरा-अठराव्या वर्षापर्यंत, काहींत त्याहून उशिरा होते. बाहेरून स्टेरॉइड घातले की शरीराला वाटते वयात येणे पुरे झाले, आणि पट्टे वेळेआधीच मिटू लागतात. एकदा मिटलेला पट्टा पुन्हा उघडणारे औषध जगात नाही. म्हणजे ज्या मुलाला १६८ गाठायचे आहे, तोच मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी दंड फुगवायच्या नादात स्वतःची उंची कापून घेतो. भरतीत आधी मोजपट्टी लागते. तिच्यापुढे दंडाचा घेर कोणी विचारत नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी रांजणगावकडे कँटीनमध्ये काम करणारी एक ताई आमच्याकडे आली. आम्ही दिवसभर नोकरीत असतो. संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे दाखले, अर्ज भरून देत बसतो, म्हणून लोक काहीही घेऊन येतात. तिने पदराच्या गाठीतून एक छोटी रिकामी बाटली काढली. "भाऊ, पोराच्या पिशवीत होती. इंग्रजी हाये. नशेचं हाये का ओ?" बाटलीवर नँड्रोलोन लिहिलेले होते. मुलगा सतरा वर्षांचा. आम्ही त्याला बोलावून घेतले, तिच्या समोर नव्हे, वेगळे. तो आधी काहीच बोलेना. मग म्हणाला, "काका, सगळेच घेतात. मी एकच कोर्स केलाय." टोचून कोण देतो, तर जिममधला एक दादा. एकच सुई? "नाही, सुई तेवढी बदलतो." बाटली मात्र तिघांत एक. एवढे बोलून त्याने एकदम मान खाली घातली आणि विचारले, "काका, छातीला गाठ आल्यासारखं झालंय, ते जाईल का?"

त्याला ससूनला नेले. पुरुषाच्या छातीला बाईसारखा उभार येणे हा या औषधाचा ठरलेला परिणाम आहे, कारण शरीर जादा झालेल्या पुरुषी रसातला काही भाग स्त्रीरसात बदलते. लवकर औषध सोडले तर कधी तो ओसरतो, नाही तर शस्त्रक्रियाच करावी लागते. त्याचा थोडा ओसरला. मनगटाचा एक्स-रे काढला तेव्हा हाडांचे पट्टे मिटलेले दिसले. हे सुईमुळेच झाले की त्याचे वाढीचे दिवस आपोआपच संपले होते, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितले नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. त्याची उंची १६४ आहे.

औषध थांबवल्यावर काय होते हे पोरांना कोणी सांगत नाही. मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी असते. ती अंडकोशाला हुकूम देते, रस तयार कर, बीज तयार कर. बाहेरून भरपूर रस येऊ लागला की ती हुकूम देणे बंद करते. कारखान्याला बाहेरून तयार माल मिळू लागल्यावर मालक यंत्रे बंद ठेवतो, तसेच हे. अंडकोश आकसतात. मग कोर्स संपतो, बाहेरचा माल थांबतो, पण आतली यंत्रे लगेच सुरू होत नाहीत. काही महिने, काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त लागते, काहींची पूर्वीसारखी सुरूच होत नाहीत. त्या मधल्या काळात पोरगा गळून जातो. कमावलेले वजन उतरते, झोप उडते, कशात मन लागत नाही, आयुष्य संपवावे असे विचारही येतात. घरचे म्हणतात आळशी झाला. जिममधला दादा म्हणतो, दुसरा कोर्स घे. आणि तो घेतो, कारण घेतल्यावर बरे वाटते. सवय लागते ती अशी.

यातला एक भाग आमच्या सुनांशी संबंधित आहे, म्हणून माता-भगिनींनी तो नीट वाचावा. बीज कमी होणे किंवा अजिबात न होणे हा स्टेरॉइडचा नेहमीचा परिणाम आहे. मुलगा पंचविशीत लग्न करतो, दोन-तीन वर्षे पाळणा हलत नाही, आणि घरातले बोट कोणाकडे जाते ते आपल्या सर्वांना माहीत आहे. सुनेच्या तपासण्या, सुनेची औषधे, सुनेला टोमणे. पिळदार नवऱ्याकडे कोणी संशयाने पाहतसुद्धा नाही. आम्ही सांगतो, अशा घरात पहिली तपासणी पुरुषाची करावी. ती साधी आहे, स्वस्त आहे, आणि सुनेच्या तपासण्यांसारखा त्यात काही त्रास नाही. आणि पूर्वी कोर्स केला असेल तर तो डॉक्टरला लाजेखातर लपवू नये. बऱ्याच जणांना उपचाराने गुण येतो.

हृदयाचे सांगायचे तर हृदय हाही एक स्नायूच. दंड वाढवणारे औषध त्यालाही सोडत नाही. त्याची भिंत जाड आणि ताठ होते, रक्त दाट होते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते आणि वाईट चढते. पस्तिशीच्या आतल्या पिळदार माणसाला झटका आला की लोक हळहळतात, "एवढा व्यायाम करायचा, तरी!" डेन्मार्कमध्ये जिममध्ये तपासणीत दोषी सापडलेल्या ५४५ पुरुषांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. त्यांच्याच वयाच्या इतर पुरुषांच्या मानाने त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण तिप्पट निघाले. गोळ्यांच्या रूपात घेतल्यास यकृतालाही मार बसतो, कावीळ होते, क्वचित गाठीही होतात. तेलकट इंजेक्शन चुकीच्या जागी, अस्वच्छ सुईने टोचले तर गळू होते. आणि एकाच बाटलीत अनेकांच्या सुया बुडाल्या तर एचआयव्ही आणि दोन प्रकारच्या काविळीचा धोका आलाच. त्या मुलाची ही तपासणी आम्ही करून घेतली, ती चांगली आली. बाकीच्या दोघांनी केली की नाही, माहीत नाही.

भरतीच्या पोरांत आणखी एक प्रकार शिरला आहे. त्याला पोरे स्टेरॉइडच म्हणतात, पण तो स्टेरॉइड नाही. मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ ते वापरतात, तेही यंत्र लावून, क्षणोक्षणी पाहत. हेच पोरे व्यायामाआधी किंवा पळण्याआधी घेतात, कारण थकवा कळत नाही. थकवा ही शरीराची घंटा आहे. घंटेची वायर तोडली म्हणून आग विझत नाही. रक्तदाब भलताच चढतो, छाती धडधडते, सवय लागली की भास होतात, संशय येतो, माणूस बेभान होतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने अलीकडच्या वर्षांत या इंजेक्शनाच्या बेकायदा विक्रीवर वारंवार कारवाया केल्या आहेत, वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. पुण्यात जे मिळते ते नगर रस्त्याने शिरूरला आणि रेल्वेने दौंडला यायला किती वेळ लागतो?

शिवाय साधा हिशेब पाहा. स्टेरॉइडने वजन वाढते, पण सोळाशे मीटर आणि पाच किलोमीटर पळताना तेच जादा वजन स्वतःच वाहून न्यावे लागते. त्यातले पाणी साठून आलेले वजन तर निव्वळ ओझे. दहा किलो चढलेला मुलगा गोळा दोन हात लांब टाकेलही, पण धावण्यात गुण गमावेल. म्हणजे ज्या कामासाठी घेतले त्या कामालाही ते नीट उपयोगी नाही.

मुलींबद्दल दोन शब्द. आपल्या मुलीही आता भरतीला उतरतात, आखाड्यात उतरतात, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्यांच्या शरीरात हे औषध गेले तर पाळी बिघडते, चेहऱ्यावर केस येतात आणि आवाज घोगरा होतो. तो आवाज औषध सोडल्यावरही परत येत नाही. पूर्व जर्मनीत सरकारनेच खेळाडूंना निळ्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वे म्हणून. कोवळ्या वयातल्या मुलींनाही दिल्या. हायडी क्रीगर ही गोळाफेकपटू सोळाव्या वर्षापासून त्या घेत होती. १९८६ मध्ये ती युरोपची विजेती झाली. शरीर इतके बदलले की पुढे १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून घेऊन क्रीगर पुरुष म्हणून जगू लागले. मी कोण आहे हे माझे मला शोधू द्यायला हवे होते, ती संधी गोळ्यांनी हिरावली, असे त्यांचे म्हणणे आहे. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथल्या क्रीडाप्रमुखाला आणि डॉक्टरला दोषी ठरवले. शिक्षा झाली, पण ती स्थगित. मोठ्यांच्या शिक्षा बहुधा अशाच असतात.

आपल्याकडे दोष द्यायचा कोणाला? जिममधला तो दादा कोण, याचा आम्ही शोध घेतला तेव्हा राग ओसरला. तोही पंचविशीचा, भरतीत दोनदा राहिलेला. स्वतःच्या कोर्सचा खर्च निघावा म्हणून चार पोरांना माल आणून देणारा. स्वतःच्या पाठभर मुरुमे. त्याच्यावर काठी उगारून काय होणार? पण मालाच्या मुळाशी जे मेडिकलवाले आणि ठोक विक्रेते आहेत ते अडाणी नाहीत आणि गरजूही नाहीत. ही औषधे शेड्यूल एच मधली. वेष्टनावर आरएक्सची खूण असते आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना छापलेली असते. ती वाचता येते म्हणूनच तर त्यांना परवाना मिळाला आहे. काही माल तर मेडिकलमधलाही नसतो. घोड्या-जनावरांसाठी केलेली बोल्डेनोनसारखी औषधे, किंवा कोणत्याशा खोलीत भरलेल्या, परदेशी लेबल चिकटवलेल्या बाटल्या. आत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते. पावडरच्या काही डब्यांतही लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.

डब्याचा विषय निघालाच आहे तर, आम्ही वाणिज्य शाखेचे, जमाखर्च मांडल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. साठ किलोच्या, रोज मेहनत करणाऱ्या मुलाला दिवसाला पाऊणशे ते पंचाण्णव ग्रॅमपर्यंत प्रथिने पुरतात. बाजरीचे पीठ तीनशे ग्रॅम, म्हणजे चार भाकरी, यात तीसेक ग्रॅम आली. बाजरी तर शिरूरच्या घराघरांत. चार अंडी, चोवीस. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे, बारा. तेवढेच फुटाणे, दहा. अर्धा लिटर दूध, सोळा. बेरीज बाण्णव! यात मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, वाळलेले बोंबील आम्ही धरलेच नाहीत. दोन-तीन हजारांचा डबा आणण्यासाठी आईने बचत गटातून कर्ज काढल्याचे आम्ही पाहिले आहे. त्या रकमेत हा सगळा खुराक कितीतरी दिवस चालेल. जुन्या वस्तादांकडे डबा नव्हता. जोर, बैठका, खुराक आणि झोप. यातली झोप आज सर्वांत महाग झाली आहे. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला मैदान, मग अंगाला लागणार कसे? वाढीचा रस शरीर गाढ झोपेत जास्त सोडते, त्यासाठी सुई लागत नाही.

पालकांनी काय पाहावे? दोन महिन्यांत सहा-आठ किलो वजन चढले, चेहरा सुजल्यासारखा झाला, खांद्यावर आणि पाठीवर अचानक मोठमोठी मुरुमे उठली, साध्या बोलण्यावर पोरगा अंगावर येऊ लागला, भर उन्हाळ्यात बनियनवर बसणारा मुलगा घरातही शर्ट काढेनासा झाला, घरातले पैसे कमी होऊ लागले, तर विचारा. मारू नका. चार लोकांत बोलू नका. वयात येतानाही मुरुमे येतात आणि रागही येतो, तेव्हा लगेच आरोपही नको. बापाला बोलता येत नसेल तर मामाला, शिक्षकाला, मंडळातल्या जाणत्या माणसाला सांगा. एवढे मात्र पाहा की तो कबूल करील तेव्हा त्याला दवाखान्यात नेणारे कोणी असेल. मनाने फार खचला असेल तर त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरकडे जाताना बाटली, गोळ्यांचे पाकीट, जे सापडेल ते बरोबर न्या. रक्तदाब, यकृत, कोलेस्टेरॉल, हृदयाचा आलेख आणि एचआयव्ही-काविळीची तपासणी करून घ्या. यातले बरेचसे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही होते. ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे मात्र पुण्यालाच जावे लागते. ससूनला केसपेपर सकाळीच काढावा लागतो, तेव्हा शिरूरहून पहाटेची एस.टी. आणि दौंडहून सकाळची पहिली गाडी धरावी. बाटली फेकून देऊ नका. तिच्यावरचा बॅच नंबर आणि दुकानाचे बिल मिळाले तर तेही जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा विनाशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. तक्रार करताना दुकानाचे नाव, गाव आणि तारीख एवढे तरी हवे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आम्ही भरून देऊ, संध्याकाळी साडेसातनंतर, रविवार सोडून.